चिमणी उडते, म्हैस उडत नाही

‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र!’ म्हशीच्या नावाला कुणाचे बोट जमिनीवरून उचलले गेले, की वर्गात हशा पिकतो. या खेळात शब्द ऐकणे, प्राणी आठवणे आणि क्षणभर हात आवरणे, ही तिन्ही कामे बालक एकदमच करीत असते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. ज्याला अक्षर ठाऊक नसते, त्यालाही गाय, बैल, बगळा ठाऊक असतात. शिक्षणाने आरंभ तेथूनच करावा.

मात्र चुकलेल्यास खेळातून उठवू नये. ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक, तोच बाहेर बसला तर खेळ व्यर्थ होय. पुढची हाक त्यालाच द्यावयास सांगावी.