गुटीचे वेढे आणि ड्रॉप्सचा चमचा

(जिल्हा औषधविक्रेता संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



ऑनलाइन विक्री आणि मार्जिन यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं. मी एका चमच्याबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक आजी सकाळी दुकानात आल्या. "तापाची बाटली संपली, दुसरी द्या." रिकामी बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स, 15 मिली, माझ्याच दुकानातले, आदल्या दिवशी दुपारी नेलेले. मी विचारलं, "सांडलं का?" "नाही हो, बाळाला तीन वेळा चमचा-चमचा दिलं. ताप उतरलाय, पण असू दे घरात." आणि ड्रॉपर? तो खोक्याबरोबर केरात गेला होता. चमच्याची सवय सिरपची. मोठ्या नातवाला तेच चालायचं.

आपल्याला हा हिशेब तोंडपाठ आहे, तरी एकदा मांडतो. नेहमीच्या सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम औषध असतं, ड्रॉप्सच्या एकाच मिलीत 100. बाळ आठ किलोचं. त्याला एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉप्सचा जेमतेम एक मिली पुरे. आजींच्या तीन चमच्यांतून एका दिवसाच्या आत दीड हजार मिलिग्रॅम पोटात गेलं होतं. बाळ मात्र घरी खेळत होतं. या औषधाचा दगा असाच असतो: पहिल्या दिवशी फार तर मळमळ, उलटी, यकृताचं दुखणं पुढं दिसायला लागतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत उत्तम काम करतो, आणि ते तास तर उलटूनही गेले होते. मी शटर ओढलं, रिक्षा केली आणि आजींबरोबर आधी घरी, मग रुग्णालयात गेलो. बाळ वाचलं. आजींनी वर्षभर मला नारळ दिला. मला तो घेववत नव्हता.

कारण आजी निष्काळजी नव्हत्या. बाळगुटी द्यावी की देऊ नये, हा वाद आज नको. पण ती उगाळताना त्यांना बघा. हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धाच, कारण जायफळानं पोर सुस्त पडतं. सहाणेवरचे वेढे मोजणाऱ्या बाईला मापाचं महत्त्व आपण काय शिकवणार? आपण दिलेल्या बाटलीचं माप आपण तिच्या हातात दिलं नाही, एवढंच झालं. त्या दिवसापासून ड्रॉप्सबरोबर मी सुईविना सिरिंज देतो आणि मात्रेच्या रेघेवर स्केचपेननं खूण करतो. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 2011 साली लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचं पातळ औषध एकाच तीव्रतेचं करायचं ठरवलं, ते याच घोटाळ्यामुळे. आपल्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात.

मोठ्यांचंही तेच. आपण कात्रीनं पत्ता कापतो, चार गोळ्या देतो. नाव राहतं आपल्याकडच्या तुकड्यावर. घरी गेलेली गोळी मग फक्त "पांढरी लांबट" असते. तापाला डोलो, सर्दीला दुसरीच कुठली गोळी, अंगदुखीला तिसरी. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा आहे. पत्ता कापाच, पण नावाच्या बाजूनं कापू नका, आणि कापलाच तर पाकिटावर नाव लिहा. पाकिटं काही महाग नाहीत. आणि दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा 1800-116-117 हा क्रमांक गल्ल्याजवळ चिकटवा. तो माझ्याकडेही त्या सकाळी नव्हता.

शेवटी मेथोट्रेक्सेट. सांधेवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, माणूस जातोसुद्धा. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" घरी पोचेपर्यंत "रोज एकदा" होऊ शकतं. इतर सगळ्या गोळ्या रोजच्याच असतात ना. माझ्याकडे एक मावशी ही गोळी नेतात, त्यांना वाचता येत नाही. मी त्यांना सांगितलं, "मावशी, ही बाजारची गोळी. बाजाराच्या दिवशीच घ्यायची." आमच्याकडे बाजार मंगळवारी भरतो. मावशींची कधी चूक झाली नाही.

गेल्या वर्षी यात्रेमुळे बाजार बुधवारी भरला. मंगळवारी सकाळी मी दुकान उघडतोय, तर मावशी पायरीवर बसलेल्या. "बाळा, गोळी आज घेऊ का उद्या?"