वाढत्या पिलाचा कोरडा खाऊ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृती, भरतकाम, बाळंतिणीची निगा यांवर पुष्कळ भाषणे झाली. मी मांजराच्या पिलाच्या खाण्यावर बोलणार म्हटल्यावर कालच दोघीतिघी हसल्या. हसा बाई! मी सातवीपर्यंत शिकलेली. घरात घडले तेवढेच सांगते.

तीन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्या धाब्यावरच्या अडगळीत एक भाटी व्याली. पिले महिन्याची होतात न होतात तोच ती दिसेनाशी झाली. अखेर एकच पिलू उरले. आमचे घर शाकाहारी. आपल्या घरातले चांगले ते द्यावे म्हणून आम्ही त्याला म्हशीचे दाट दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी घातली. सासूबाईंनी तर वरून सायही घातली. पिलाला ढाळ लागले. उन्हाने असेल, असे समजून मी आणखी दूध पाजले. पाचव्या दिवशी सकाळी ते ओट्याच्या कोपऱ्यात निपचित पडलेले सापडले. धाकट्या मुलीने दोन दिवस धड घास घेतला नाही. तिची समजूत मी घातली, पण माझी कोणी घालायची? त्याच्या तोंडाला दुधाची वाटी मीच लावली होती ना!

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा एक पिलू दारात आले. या खेपेस मी आधी त्याला पदरात घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. मांजर हा मुळातच मांस खाणारा जीव. कुत्रा आपल्या भाकरीवर पुष्कळसा निभावतो, मांजराचे तसे नाही. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते त्याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, आणि धान्याभाजीत जवळजवळ नसतेच, मांसामाशांत असते. ते मिळाले नाही तर डोळ्यांचा पडदा बिघडतो, हृदय दुबळे होते. हृदयाची ही गोष्ट १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिली, आणि त्यानंतर विकतच्या खाद्यात टॉरिन वाढवण्यात आले. दुधाचे म्हणाल, तर आईचे दूध सुटू लागले की दुधातली साखर पचवण्याची पिलाची ताकद कमी होत जाते. आमचे पहिले पिलू कशाने गेले असेल, ते तेव्हा कळले.

मी कोरड्या दाण्यांची पिशवी घरी आणली. सासूबाईंचे माहेर धुळ्याकडचे. त्या म्हणाल्या, "मांजरले इकतनं खानं कसाले? उंदरं मारी खाई." मुलीने विचारले, "आजी, एवढेसे पिलू उंदीर कसा मारेल?" यावर त्या गप्प झाल्या. पण खरी अडचण पुढेच होती. या दाण्यांत कोंबडीचा, माशाचा अंश असतो. हे मी घरात लपवले नाही. लपवून देवघराशेजारी ठेवायचे, हे मला पटले नसते. दाण्यांचा डबा, चमचा, परळ सारे वेगळे केले आणि बाहेरच्या ओट्यावर ठेवले. शिजवणे नाही, चिरणे नाही, स्वयंपाकघराशी संबंधच नाही. आमच्यासारख्या घराला कोरड्या खाऊची ही मोठीच सोय आहे.

आता देण्याची रीत. पिशवीवर पिलांसाठी असे लिहिलेले पाहून घ्यावे, कारण वाढत्या अंगाला मोठ्या मांजरापेक्षा जास्त प्रथिने लागतात. त्यात शेकडा ३० तरी प्रथिने असावीत. कुत्र्याचे खाद्य चालत नाही. दुकानात उघड्या पोत्यातले सुटे मिळते, ते स्वस्त पडते, पण किती दिवसांचे असेल कोण जाणे. महिन्याच्या पिलाला कोरडे दाणे चावत नाहीत. कोमट पाण्यात पाव तास भिजवावे, बोटाने कुस्करून पेजेसारखे करावे, आणि दर दिवशी पाणी थोडे थोडे कमी करत जावे. दोन महिन्यांपर्यंत पिलू कुरुम् कुरुम् कोरडे खाऊ लागते. खाद्य बदलायचे झाल्यास आठवडाभर जुन्यात नवे मिसळत जावे.

पोट लहान, म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. पहिल्या आठवड्यात मी परळ भरूनच ठेवला होता. पिलाने हावऱ्यासारखे खाल्ले आणि सगळे ओकून टाकले. तेव्हापासून पिशवीवरच्या कोष्टकाप्रमाणे मोजून देते. दर रविवारी पिलाला पातेल्यात बसवून तराजूवर ठेवायची. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ दिसली की माझे समाधान. तराजूवर ती शांत बसली असे मात्र एकदाही झाले नाही!

पाण्याचे विसरू नका, बायांनो. उंदराच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असते, या दाण्यांत जेमतेम दहावा हिस्सा. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मी सावलीत तीन ठिकाणी मातीच्या परळांत पाणी ठेवते आणि दोन वेळा बदलते. भिजवलेला खाऊ उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात उचलून फेकून द्यावा, त्यात हळहळ नको. खाऊचा परळ पाण्याच्या ताटलीत ठेवला की मुंग्याही येत नाहीत.

चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात. तेव्हा आमच्या चिंगीने खाणे सोडले, म्हणून मी घाबरले होते. दाणे पुन्हा भिजवून दिल्यावर खाऊ लागली. वर्षाची होईपर्यंत पिलांचाच खाऊ द्यायचा असे डॉक्टरांनी बजावले होते. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यात टोचली, आणि सहाव्या महिन्यात तिची शस्त्रक्रियाही करून घेतली. धाब्यावर दर सहा महिन्यांनी तीच दशा पाहण्याचे धैर्य माझ्यात नाही.

दुपारी चारच्या खाऊची वेळ आता सासूबाईच सांभाळतात. डब्याला हात लावत नाहीत, माझ्या नावाने हाक मारतात. उशीर झाला की हाक मोठी होते.

दाण्यांचा डबा आणि रिकामी पिशवी मी बरोबर आणली आहे. ज्यांच्याकडे पिले आहेत त्यांनी चहाच्या वेळी येऊन पाहावे. डबा मात्र फराळाच्या ताटांपासून लांब, दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आहे.