कॅरम लीग आणि चिठ्ठीत निघालेला जोडीदार
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात कॅरम लीगच्या वतीने केलेले भाषण)



मला कॅरम लीगचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. वेळ पाच मिनिटं. यानंतर जेवण आहे हे मलाही माहीत आहे, त्यामुळे लांबवत नाही.

लीग सुरू झाली ती बी विंगखालच्या पार्किंगमध्ये, एका बोर्डावर. गाड्या बाहेर काढायच्या, वरून शंभर वॉटचा बल्ब सोडायचा आणि बोरिक पावडर कोण आणणार होतं यावर पंधरा मिनिटं वाद घालायचा. आज चार बोर्ड आहेत. पूर्वी आपण पावसाळ्यात खेळायचो. दमट हवेत पावडरचे गोळे व्हायचे, स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायचा. म्हणून आता डिसेंबर-जानेवारीतले शनिवार-रविवार ठरलेत. एकेरी, दुहेरी, महिला आणि १४ वर्षांखालील असे चार गट. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. २२ गुण झाले की राणीचे तीन गुण मिळत नाहीत, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं आणि दर वर्षी कुणीतरी नव्याने रागावतं.

महिला गटाचा करंडक सलग दुसऱ्यांदा ए विंगमधल्या आजींकडे आहे. अंगठ्याने मागची सोंगटी मारायचं त्यांचं कसब पाहायला मुलं अभ्यास सोडून खाली येतात. मुलांनो, अभ्यास सोडू नका, पण एक लक्षात ठेवा. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात चेन्नईच्या एम. काझिमा या मुलीने तीन सुवर्णपदकं जिंकली. तिचे वडील रिक्षाचालक. हा खेळ फक्त सुट्टीतला टाइमपास नाही.

आता दुहेरीबद्दल. त्याच त्याच जोड्या जिंकतात अशी तक्रार आली, म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायला लागलो. पहिल्याच वर्षी मी माझी चिठ्ठी काढली आणि जोडीदार निघाले माझ्या खालच्या घरातले नाना. ते समोर दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय.

तेव्हा आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्याकडे झिरपत होतं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आलं तर खर्च सोसायटीचा, आणि घरातल्या बाथरूमची गळती असेल तर सभासदाचा, हे आपल्या उपविधीत आहे. मला ते पाठ होतं. म्हणूनच मी प्रत्येक पत्राला उत्तर देत होतो, "पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय." मे महिन्यातसुद्धा हेच उत्तर.

खेळताना जोडीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, असा आपल्या लीगचा नियम आहे. आम्हा दोघांना तो फार सोयीचा होता. समोरासमोर बसायचो आणि बोर्डाकडे बघायचो. तसेच उपांत्य फेरीपर्यंत पोचलो.

शेवटच्या बोर्डात नानांना एक सोपी सोंगटी होती. त्यांनी ती घेतली नाही. दुसरी एक पांढरी हलकेच माझ्या डाव्या हाताच्या भोकाच्या तोंडाशी आणून ठेवली. मला आधी कळलंच नाही. माझी पाळी आली, राणी घेतली आणि कव्हरला तीच सोंगटी तयार. सामना आमचा!

नाना एवढंच म्हणाले, "हात पावडरने भरलेत. वर चला, धुवून घ्या."

दोन वर्षांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. फक्त पत्रं वाचली होती. बाथरूमलगतच्या भिंतीचा रंग फुगून सुटला होता. तिथलं देवघर उचलून नानींनी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ठेवलं होतं. पत्रात हे लिहिलेलं नव्हतं. नानी चहा टाकू का म्हणाल्या. मला "हो" म्हणायचीही लाज वाटली.

सोमवारी प्लंबर आणला. खर्च माझा, आणि तो माझाच होता. फरशी उखडल्यावर आठ दिवस आमच्या घरची चारही माणसं अंघोळीला नानांकडे जात होती. देवघर आता जुन्या जागी आहे.

अंतिम सामना आम्ही सपाटून हरलो. नाना म्हणतात, माझ्यामुळे. बरोबर आहे त्यांचं.

यंदाच्या लीगसाठी नावं वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत लिहा. दुहेरीच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढल्या जातील. कुणाचंही नाव निघालं, तरी चिठ्ठी बदलून मिळणार नाही.

चला, जेवायला.