धाप

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात आमचे घर आहे. सयाजीराव रस्ता सोडून आत वळले की घाऊक मालाची दुकाने, हातगाड्या आणि पोत्यांची चढउतार यांतून वाट काढीत घरी पोचावे लागते. हा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा आहे, ही गोष्ट येथील मराठी माणूस पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. मीही ती आज आपणांस सांगितली. रस्त्यापासून घरापर्यंतचे ते अंतर मी लग्न होऊन आले तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एका दमात चालत असे. नऊ वर्षांपूर्वी त्या वाटेवर मी प्रथम थांबले. एका दुकानाच्या पायरीशी उभी राहिले आणि दुकानदाराला वाटू नये म्हणून उगीचच त्याच्याकडे मिरच्यांचा भाव विचारला. पुढे थांबण्याची ठिकाणे वाढली आणि मला बाजारातील बहुतेक जिनसांचे भाव पाठ झाले.

आमच्या मोहल्ल्यातील डॉक्टर सज्जन आहेत. घरातील तीन पिढ्यांना त्यांनी औषध दिले आहे. मी त्यांच्याकडे गेले आणि कन्नडमध्ये म्हणाले, 'सुस्तु' होते. इतकी वर्षे या गावात काढून माझे कन्नड बाजारापुरते चांगले आहे; परंतु आपले दुखणे सांगावयाला बाजारातील भाषा पुरत नाही, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. 'सुस्तु' म्हणजे थकवा. मला म्हणावयाचे होते धाप. मराठीत आपण दम लागणे, धाप लागणे, छाती भरून येणे आणि जीव घाबरा होणे यांत किती बारीक भेद करतो! ते सारे भेद मी एका शब्दात बुडविले. डॉक्टरांनी थकव्याचे औषध दिले, शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "अम्मा, वय झाले. जरा विश्रांती घ्या."

मी विश्रांती घेतली. विश्रांतीने माझे पाय आणखी दुबळे झाले आणि धाप अधिक लवकर लागू लागली. हे दुष्टचक्र या रोगातील प्रत्येकाच्या वाट्याला येते, असे मला पुढे समजले. धाप लागते म्हणून माणूस चालत नाही, आणि चालत नाही म्हणून धाप वाढते.

पुढल्या खेपेस खोकला आणि कफ सांगितला, तेव्हा मात्र डॉक्टर सावध झाले. आमच्या गावाला क्षयाचे भय जुने आहे. क्षयाने गेलेल्या राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाचे क्षयरुग्णालय येथे कित्येक पिढ्यांपासून उभे आहे, आणि कोणी फार दिवस खोकला की घरातील वडीलधारी माणसे आजही मनात त्या इमारतीची वाट चालून येतात. कफ तपासला, क्षय नव्हता. छातीचा फोटो काढला; तोही स्वच्छ निघाला. घरात पेढे वाटावयाचे तेवढे बाकी राहिले. डॉक्टर म्हणाले, "काही नाही." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का? मी नाही म्हणाले. ते हसले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

"काही नाही" हे दोन शब्द निरोगी माणसाला औषधासारखे असतात. ज्याला रात्री दोन उशा लावून बसावे लागते, त्याला ते शिक्षेसारखे वाटतात. घरात आता माझ्या थांबण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सून काही बोलली नाही; ती गुणी मुलगी आहे. पण यजमान एकदा म्हणालेच, "डॉक्टर काही नाही म्हणतात ना?" मला स्वतःलाही संशय येऊ लागला. मी खोटे तर दमत नाही?

सुटका एका वहीने केली. नातवाची अर्धी कोरी वही घेऊन मी रोज लिहू लागले: आज घरून निघाल्यावर कितव्या ठिकाणी थांबले, जिन्याच्या किती पायऱ्या चढून बसले, देवापुढे उदबत्ती लावल्यावर किती वेळ खोकले. (उदबत्तीच्या गावात राहून उदबत्तीची तक्रार लिहिताना मला थोडी लाज वाटली.) दोन महिन्यांनी ती वही घेऊन मी दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती मराठी वही माझ्याकडून वाचवून घेतली आणि मला श्वास मोजण्याच्या यंत्रापुढे बसविले.

हे यंत्र काही नवे नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजले. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि नळीत जोराने, अगदी शेवटपर्यंत सोडावयाचा. सोडलेल्या एकंदर हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, ते पाहतात. श्वासनलिका रुंद करणारे औषध देऊनही तो भाग शंभरात सत्तरांहून कमी राहिला, तर वाट अरुंद झाली आहे असे समजतात. माझा भाग चौपन्न निघाला. छातीच्या फोटोत ही गोष्ट पुष्कळदा दिसत नाही, कारण फोटो हा स्थिर छातीचा असतो आणि माझा रोग हवेच्या वाहण्यात होता. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी पाहिले ते खरेच पाहिले; जेथे पाहावयाचे, तेथे पाहिले नाही.

चौपन्न हा आकडा ऐकून मला आनंद झाला. ऐकणाऱ्यांस हे विचित्र वाटेल. गेलेला श्वास परत येणार नाही, असे तरुण डॉक्टर त्याच वेळी सांगत होते. तरी मी खोटे दमत नव्हते, एवढ्याने माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी चुलीविषयी विचारले. म्हैसूर जिल्ह्यातील खेड्यांत येथल्याच डॉक्टरांनी स्त्रियांची पाहणी केली असून ती २०१३ साली प्रसिद्ध झाली आहे. रोज चुलीपुढे जाणारे तास आणि तशी गेलेली वर्षे यांचा गुणाकार साठ वा त्याहून अधिक झाला, की जुनाट खोकला व कफ यांचा धोका ठळकपणे वाढतो, असे त्यांना आढळले. मी बेळगावाकडच्या खेड्यातील. बाराव्या वर्षी चुलीपुढे बसले ती छत्तिसाव्या वर्षी, गॅस आला तेव्हा उठले. रोजचे चार तास धरले तर चोवीस वर्षांचे शहाण्णव होतात. तोंडी हिशेब मला चांगला येतो, त्यामुळे उत्तरासाठी थांबावे लागले नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हीच गोष्ट जगापुढे मांडली होती: तंबाखू ओढणारी माणसे सुमारे एक अब्ज, तर लाकूड, शेणी आणि काटक्या यांच्या धुरात वावरणारी सुमारे तीन अब्ज. तेव्हा विडीचा प्रश्न विचारून थांबणे म्हणजे मोठा दरवाजा सोडून खिडकीला कडी लावण्यासारखे आहे.

औषध नळीतून ओढावयाचे असते. त्याविषयी आमच्यात एक गैरसमज आहे की, एकदा ती नळी हाती घेतली की ती जन्माची सवय होते. चष्म्याविषयी असे कोणी म्हणत नाही. मात्र नळी दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ न साधला, तर औषध घशातच राहते. पहिला महिनाभर माझे तसेच झाले. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावयास मी शिकले. रोज ठरावीक पावले चालते, धाप लागली तरी घाबरत नाही, थांबते आणि पुन्हा चालू लागते. थंडीपूर्वी फ्लूची लस घेते. देवापुढे आता उदबत्ती नाही, फूल असते. या एका सुधारणेसाठी घरात जेवढे बोलणे झाले तेवढे माझ्या रोगासाठीही झाले नव्हते.

तो कागद घेऊन मी पुन्हा आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. भांडावयाला नव्हे. रात्री अपरात्री दार ठोठावावयाचे ते त्यांचेच, हे मला ठाऊक होते. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"चुलीचे मला कधी सांगितले नाहीत, अम्मा?"

"आपण विडीचे विचारलेत, साहेब."

ते काही वेळ गप्प राहिले. बाहेर बाकावर गर्दी होती. दिवसाकाठी किती माणसे त्यांच्यासमोर बसून उठतात, हे मी त्या बाकावर बसून पुष्कळदा मोजले आहे. मग त्यांनी शक्तीच्या गोळ्यांवर काट मारली आणि नळी कशी ओढता ते करून दाखवा, म्हणाले. मी दाखविले. त्यांनी एक चूक काढली, आणि ती खरी होती.

याच म्हैसुरात १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव मिळाले. त्या नावाच्या केंद्रावर बोलावयाचे म्हणून मी गेला आठवडाभर हे भाषण मोठ्याने वाचीत होते. पहिल्या दिवशी चार वाक्यांनंतर थांबावे लागले. आज कोठे कोठे थांबले ते आपण ऐकलेच असेल. वहीत ते आता लिहून ठेवीन.