कमाटीबागेची वाट



बडोद्याच्या नावातच वड आहे. ज्या नगराला झाडाने नाव दिले, त्या नगरातील मुलांना सूरपारंब्या हा शब्द केवळ पाठ्यपुस्तकात भेटावा, ही विसंगती शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात विचार करण्याजोगी आहे. मराठी मुलांच्या सूरपारंब्या आणि गुजराती मुलांची आंबली-पीपळी हे एकाच जातीचे खेळ. दोहोंना आधी झाड हवे.

सयाजीबाग, म्हणजेच लोकांच्या तोंडची कमाटीबाग, विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये उभी राहिली. त्या वेळी सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि महाराज स्वतः विद्यार्थीच होते. नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून हा मुलगा गादीवर आला होता. त्यानेच पुढे १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शंभर एकरांहून मोठी सार्वजनिक बाग आणि सर्वांसाठी शाळा हे एकाच राज्याचे वैभव आहे. त्या दोहोंमधील वाट मात्र मुलांच्या पायांना अनोळखी होत चालली आहे.

त्या वाटेवर शिकण्याजोगे पुष्कळ आहे. वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातील झाडे. त्यांची फुले दिसत नाहीत, कारण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागण घडवते. शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळा होतो. गुलमोहराच्या कळीतील पुंकेसर एकमेकांत अडकवून झुंज लावता येते आणि खेळता खेळता फुलाची रचनाही कळते.

ही दृष्टी शिक्षणक्षेत्राला नवी नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. महागडी साधने परवडत नाहीत, तेथेही बालशिक्षण पोहोचावे, हा त्यामागील विचार होता.

पालकांची भीती मात्र अनाठायी म्हणता येणार नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्येही आल्या होत्या. नदीकाठ हे खेळाचे ठिकाण नव्हे, हे मुलांना स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. परंतु नदीपासून दूर राहावे आणि झाडाजवळ जावे, हा विवेकही निसर्गात वावरल्यानेच येतो. कोंडून ठेवलेल्या मुलाला धोक्याची ओळख होत नाही आणि स्नेहाचीही होत नाही.

म्हणून हीरकमहोत्सवाचे स्मारक केवळ दगडी नसावे. प्रत्येक वर्गाला पंधरवड्यातून एक तासिका बागेसाठी मिळावी. वाटेवरील एकेक झाड एकेका तुकडीने वर्षभर पाहावे. पानगळ, पालवी, फुलोरा आणि पाहुणे पक्षी यांची नोंद मराठीत व गुजरातीत ठेवावी. निवृत्त शिक्षक आणि आजी-आजोबांनी सोबत चालावे. जुन्या खेळांचे नियम त्यांनाच ठाऊक आहेत. या उपक्रमाला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. लागते ती वेळापत्रकातील एक चौकट. ती चौकट याच वर्षी आखली जावो, ही शाळेस हीरकमहोत्सवी शुभेच्छा.