हंडीतील घंटा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गात करून दाखविलेला एक प्रयोग येथील अनेकांना आठवत असेल. काचेच्या हंडीत विजेची घंटा टांगायची आणि पंपाने आतील हवा काढून घ्यायची. टोला हलताना दिसे. नाद मात्र मावळत जाई. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली आम्ही सुरतेची मुले त्या शांततेने बावरून जात असू.

ती शांतता मला पुन्हा भेटली २०१३ साली, अल्फान्सो क्वारोन यांच्या ‘ग्रॅव्हिटी’ या चित्रपटात. यानाच्या ठिकऱ्या उडतात, पण नाद वाहून नेण्यास तेथे हवाच नाही. आसपासची माणसे मृत्यू पावतात आणि रायन स्टोन ही एकटी स्त्री उरते.

असा एकाकीपणा प्रेक्षकांना सहजी मानवत नाही. १९६८ साली स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या न्यूयॉर्कमधील पहिल्या खेळातून पुष्कळ लोक उठून गेले आणि क्यूब्रिकना सुमारे १९ मिनिटांचा भाग कापावा लागला. सुरतेत ‘ग्रॅव्हिटी’ पाहताना कोणी उठले नाही. मात्र एका प्रसंगी प्रेक्षागृह हसले, आणि हसणाऱ्यांत मीही होतो.

स्टोन बंद पडलेल्या सोयूझ यानात बसली आहे. रेडिओवर एका पुरुषाचा आवाज येतो. तो ग्रीनलँडमधील आहे. त्याची भाषा तिला कळत नाही, आणि पडद्यावर भाषांतरही नाही. म्हणजे अमेरिकेतला प्रेक्षक आणि सुरतेतला प्रेक्षक या ठिकाणी सारखेच अनभिज्ञ! पलीकडे कुत्री भुंकतात, तशी हीही भुंकू लागते. आम्ही हसलो ते येथे. मग तान्हे मूल रडते, तो माणूस त्याला गाऊन निजवू लागतो, आणि ते गाणे ऐकत मरावे म्हणून ती प्राणवायूचा पुरवठा कमी करते. तोवर हशा कधीच थांबला होता.

बाहेर माझा एक माजी विद्यार्थी आपल्या आईसह भेटला. मी जातीचा शिक्षक; लगेच चुका सांगू लागलो. हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांनी कललेली, आंतरराष्ट्रीय स्थानकाची ५१.६ अंशांनी, तेव्हा एकीकडून दुसरीकडे असे तरंगत जाणे अशक्य, वगैरे. मुलगा आदराने ऐकत होता. आईने मध्येच विचारले, “मास्तर, ती भुंकली तेव्हा तुम्ही हसलात ना?”

मी निरुत्तर झालो.

ती माउली नंदुरबारकडच्या खेड्यातून लग्न होऊन लिंबायतेत आली होती. अहिराणीखेरीज तिला दुसरी भाषा येत नव्हती. पती मागावर बारा तासांच्या पाळीला जाई, आणि ही खोलीत एकटी. शेजारी विणकाम करणारे तेलुगू कुटुंब राहत असे.

“भिंतीपलीकडची बाई पोराला काय गाऊन निजवायची, ते मला कधी कळलं नाही,” ती म्हणाली. “पण तिचं पोर निजलं, की मगच मला झोप लागायची. पुढं ते गावी निघून गेले, तेव्हा मी आठ दिवस जागी होते.”