शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?



तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळातले नेत्ररुग्णांचे कागद जपून ठेवले आहेत. रोग्याची माहिती, डोळ्याची रंगीत चित्रं, केलेले उपचार, आणि नंतर रोग्याला कितपत गुण आला, हे सारं त्यांत आहे. महाराज 1832 साली वारले. धन्वंतरी महाल या त्यांच्या वैद्यकसंस्थेत देशी वैद्यक आणि विलायती वैद्यक शेजारीशेजारी नांदलं. त्या कागदांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शस्त्रक्रियेनंतरचं टिपण.

राजवाड्याच्या आसपासच्या आम्हा मराठी घरांत कुणाचा मोतीबिंदू काढला की सारी गल्ली विचारपूस करते. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तर मात्र 'पोटाचं काहीतरी आहे' एवढंच बाहेर सांगायचं. मला तो निघाला तेव्हा माझ्याही घरी तेच ठरत होतं. मी नको म्हटलं, आणि आज तुमच्याशी बोलतो आहे तेही त्याचसाठी.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यातून मूत्रमार्ग जातो. पीएसए म्हणजे या ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. ते रक्तात वाढलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी ते वाढतं. निदान पक्कं होतं ते तुकडा काढून तपासल्यावर. कर्करोग निघाला तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असंही नाही. काही गाठी इतक्या संथ असतात, की त्यांवर नुसती नजर ठेवतात. काहींना किरणोपचार देतात. माझ्या बाबतीत ग्रंथी काढायची ठरली.

ही शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरला ह्यू हॅम्प्टन यंग यांनी 1904 साली केली. त्यानंतर कितीतरी वर्षं रोगी वाचायचा, पण पुष्कळांचा लघवीवरचा ताबा जायचा आणि बहुतेकांचं पुरुषत्वही. त्याच शहरातल्या पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या बारीक नसा ओळखल्या आणि 1982 साली त्या राखून शस्त्रक्रिया करून दाखवली. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा: माझ्या नसा राखता येतील का? गाठ नसांपर्यंत पोचली असेल तर येत नाहीत. ते आधी कळलेलं बरं.

शस्त्रक्रियेनंतर घरी आलो तो लघवीची नळी आणि पिशवीसकट. आमच्याकडे नेसायची वेष्टी त्या दिवसांत फार सोयीची. पिशवी पायाला बांधली तरी कुणाला दिसत नाही. नळी निघाली, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की थेंब गळायचे. रात्र कोरडी जायची, संध्याकाळी मात्र थकल्यावर कपडे ओले. मोठ्या माणसाला आपला पॅड आपणच बदलावा लागतो, तेव्हा मन फार खचतं. मी कितीतरी दिवस देवळात गेलो नाही, लग्नाला गेलो नाही.

उपाय साधाच आहे. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, क्षणभर धरायचे, सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही, पोट ताणायचं नाही. नळी असताना मात्र हे करायचं नाही. बहुतेकांना काही महिन्यांत ताबा येतो, काहींना वर्ष लागतं. रोज किती पॅड लागले ते मी वहीत लिहीत गेलो. आकडा कमी होताना दिसला, तेव्हा धीर आला.

संसारसुखाचं बोलणं आपल्याकडे जड जातं, पण बोललंच पाहिजे. नसा राखल्या तरी त्या जाग्या व्हायला वर्ष, दोन वर्षंही लागतात. वीर्य येत नाही, हे कायमचं. गोळ्या आहेत, इतर साधनंही आहेत. छातीच्या दुखण्यावर नायट्रेट चालू असेल तर त्या गोळ्या मुळीच घ्यायच्या नाहीत. मी डॉक्टरांकडे जाताना पत्नीला बरोबर नेलं. तिनेच नीट प्रश्न विचारले. तेव्हापासून आमच्या दोघांतला अबोला संपला.

ग्रंथी काढल्यावर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवं. पुढे ते दर मिलिलिटरला 0.2 नॅनोग्रॅम किंवा त्याहून वर गेलं आणि पुन्हा तपासूनही तसंच आलं, तर रोग परतल्याची शंका घेतात. म्हणून बरं वाटलं तरी तपासणी चुकवू नका.

पन्नाशी उलटली असेल, किंवा वडिलांना, भावाला हा रोग झालेला असून तुम्ही पंचेचाळिशीला आला असाल, तर त्रास नसला तरी पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि ऐकणाऱ्या भगिनींनो, घरातला पुरुष रात्री पुन्हापुन्हा उठत असेल, लघवीत रक्त दिसल्याचं लपवत असेल, तर त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्या.